पाण्याचा थरथरता नकाशा

"हात काढा! आधी त्या माऊसवरनं हात काढा!" टेंभी नाक्याजवळचा झेरॉक्सवाला माझ्यावर असा ओरडला, की समोरच्या रिक्षावाल्यानेही घाबरून हँडल सोडलं.

मी शाळामास्तर. 'पाणी' या धड्याचा संकल्पना-नकाशा, म्हणजे धड्यातले शब्द रेषांनी जोडलेलं चित्र, वेबसाइटवर काढून पाचच्या आत प्रशिक्षण केंद्रात द्यायचा होता, नाहीतर आठवड्याचं प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून. साडेचार झालेले. दुकानातल्या पडद्यावर मात्र चाळीस शब्दांचा एक गोळा ताप भरल्यासारखा थरथरत होता, आणि तो थांबल्याशिवाय छपाईचं बटण काही उजळेना. पान मी इतक्यांदा रिफ्रेश केलेलं, की कीबोर्डवरची अक्षरं पुसली गेली असतील.

चष्मा कपाळावर, डाव्या हातात कुणाची तरी आधारकार्डं. तसाच झेरॉक्सवाला वाकला आणि कार्डांनी स्वतःला वारा घालत माझा पराक्रम बघत राहिला. कुठला शब्द नाराज नको, म्हणून मी टँकरपासून ढगापर्यंत प्रत्येकाला प्रत्येकाशी रेषेने जोडलेलं; त्या ओढाताणीत गोळा थांबणार कसा!

"मास्तर, नकाशा काढताय का लग्नपत्रिका? कुणाला वगळायची भीती वाटते?"

एका बोटाने त्याने जास्तीच्या रेषा सटासट उडवल्या. ढग, नदी, खाडी आपापल्या जागी गुपचूप बसले आणि बटण उजळलं. एवढ्या वर्षांत कुठल्याच साहेबाने मला 'यातलं काढा' म्हटलं नव्हतं. सगळे 'अजून घाला' म्हणणारे.

मी हात जोडले. "अहो, आमचं प्रशिक्षण तुम्हीच घ्यायला हवं!"

"कलर का साधी?" तो म्हणाला.