नाकवालीचा पहिला घोट

सगळा मळा तिला नाकवाली म्हणायचा, आणि तिला त्याचा राग नव्हता. उलट तोराच होता. त्या मळ्याची रीत वेगळी. द्राक्षं वेलीवरच सुकू द्यायची, त्यांच्यावर राखेसारखी बुरशी चढू द्यायची आणि मग त्या सुरकुतलेल्या मण्यांची गोड पांढरी वाइन करायची. लोकांना वाटतं, सडकं ते सडकं. पण चांगल्या बुरशीला मधाचा वास येतो आणि वाईट बुरशीला व्हिनेगरचा. दिसायला मात्र दोघी सख्ख्या बहिणी. वाईट घड आत गेले की अख्खं पिंप नासतं. म्हणून प्रत्येक टोपली आधी हिच्या नाकाखालून जायची. पिंप उघडलं की पहिला घोट हिचा, मालकाचा दुसरा.

त्या वर्षी तोडणीच्या तोंडावर तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना नाकातली वासाची जाणही घेऊन गेला. चुलीवर दूध करपलं तेव्हा ती शेजारीच उभी होती.

"नाकात बोळे घातलेस की काय?" तिची बहीण ओरडत आली, आणि तिचा चेहरा बघून काय ते समजली. मग म्हणाली, "मालकांना सांगून टाक. या वर्षी दुसरं कुणीतरी हुंगेल."

"आणि मी काय करू? टोपल्या धुऊ? येईल गं परत. सर्दीतही जातोच की."

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती टोपल्यांवर वाकत राहिली, डोळे मिटून श्वास घेत राहिली आणि अंदाजाने मान हलवत राहिली. मूर्खपणाच होता तो. पण जिला नवरा नाही, मूल नाही, जिचं खरं नावही मळ्यात कुणाला आठवत नाही, तिने हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

काही महिन्यांनी पिंप उघडलं तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. तिने पेला नेहमीसारखाच सावकाश नाकाशी धरला. जिभेला नुसती साखर लागली.

"छान उतरलीये," ती म्हणाली.

म्हाताऱ्या मालकाने घोट घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि पेला खाली ठेवला. "हं," एवढंच म्हणाला. बाकी कुणाला त्याने चव दिली नाही.

दोन दिवसांनी ती आली, तर तळघराच्या दारात तो एकटाच पिंप कलंडवून बसला होता. फिकट धार दगडांवरून गटाराकडे चालली होती. आपणच हे केलं, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण इतक्या महिन्यांच्या सोंगाची सवय; हात आपोआप नाकावर गेला.

"काय घाण सुटलीये, मालक! सगळ्याचं व्हिनेगर झालं की हो."

त्याने पिंप आणखी थोडं कलंडवलं. मग हळूच म्हणाला, "वाइन मी कालच ओतून दिली, बाई. हे नुसतं पाणी आहे. पिंप धुतोय."

तिने हात खाली घेतला नाही. नाक झाकून ती तशीच उभी राहिली.