हातावरची शाल

"अंगावर नको. हातावर द्या."

भाषणाला उभं राहण्याआधी अण्णांचं हे वाक्य ठरलेलं. आमच्या तंजावरकडे पाहुण्याच्या खांद्यावर जरीकाठी शाल घालतात, पोन्नाडै म्हणतात तिला. हेडमास्तर ती दोन्ही हातांनी उलगडून पुढे येत आणि हे एक पाऊल मागे सरून तळहात पुढे करत. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही वाटलं असतं, म्हातारा शिष्ट आहे. मला तर बरीच वर्षं तसंच वाटायचं.

माझं माईकसेट, खुर्च्या, मांडव भाड्याने द्यायचं दुकान आहे. अण्णा निवृत्त फौजी, उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेवर जाऊन आलेले, आणि आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी. शाळाशाळांतून ते तिथल्या गोष्टी सांगत आणि मी माईक लावी. पोरं त्यांना 'ऐस तात्ता' म्हणत, म्हणजे बर्फाचे आजोबा. पंखे बंद पडलेल्या हॉलमध्ये, घाम पुसत पुसत, ते पांढऱ्या अस्वलाचा पंजा केवढा असतो ते दाखवत. पोरांचा प्रश्न एकच, "तिकडे आंघोळ कशी करायची?" ते गंभीर चेहऱ्याने सांगत, "करायचीच नाही." पोरं खूश. मला ते भाषण इतकं पाठ होतं की ते अडले तर मीच पुढचं वाक्य पुटपुटायचो.

शेवटी भिंतीवर एक फोटो येई. लाल कोटातले दोघे. "हा मी. हा माझा दोस्त, पापनाशमकडचा. तो तिथेच राहिला." आणि लगेच पुढचा फोटो.

एकदा त्या दोस्ताच्याच गावच्या शाळेचं बोलावणं आलं. माझ्या व्हॅनमध्ये ते पुढे बसले होते. गाव जवळ आलं तसे कालव्याच्या पुलाशी म्हणाले, "गाडी उभी कर रे. कांही सांगायचं आहे."

मी उभी केली.

"त्याची आई अजून आहे. बर्फ फुटलं, एका क्षणांत गेला, असं मीच तिला पत्र लिहिलं. खोटं तें. वादळांत आम्ही दोघं तीन दिवस तंबूंत होतों. मला ताप. त्याने आपली झोपायची पिशवी माझ्यावर घातली. म्हणाला, मला उकडतंय."

"अण्णा, तुम्हाला खरं वाटलं?"

"नाही वाटलं," ते म्हणाले. "तरी घेतली."

मी गाडी सुरू केली.

"आज तिला सांगतों. पोदुम. पुरे झालं हें खोटं."

म्हातारी पहिल्या रांगेत बसली होती. शाल तिच्याच हातून द्यायची ठरली होती. ते म्हणाले, "हातावर द्या," पण तिने ऐकलंच नाही. सरळ खांद्यावर घातली आणि न्हाऊन आलेल्या पोराला गुंडाळावं तशी गळ्याशी दाबून बसवली. ते तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या अंगावर शाल पाहिली.

भाषण नेहमीचंच झालं. अस्वल झालं, आंघोळ झाली. मग फोटो आला आणि ते थांबले. ते तोंड उघडणार तेवढ्यात म्हातारीनेच बसल्या जागेवरून तमिळमध्ये विचारलं, "कण्णा, बाळा, माझ्या पोराला फार थंडी वाजली का रे?"

माईकमधून त्यांचा श्वास ऐकू आला.

"नाही अम्मा. त्याला उकडत होतं."

म्हातारी हसली. शेजारणीला म्हणाली, लहानपणीही पांघरूण लाथाडायचा तो.

परतताना त्यांनी शाल काढली नाही. घामाने निथळत होते. "अण्णा, काढा ती," मी म्हटलं. "असूं दे," म्हणाले.

पुढे कितीतरी दिवस ते पुन्हा जाऊन सांगायचं म्हणत राहिले. उद्या जाऊ, पोंगल झाला की जाऊ. पोंगलच्या आधीच म्हातारी गेल्याचं कळलं. त्यानंतर त्यांनी एकही भाषण केलं नाही. मला त्यांचा राग आला होता आणि माझाही. मीच त्यांना गाडीत घालून न्यायला हवं होतं.

गेल्या महिन्यात ते गेले. मुलगा परदेशातून यायचा होता, म्हणून देह ठेवायला थंड पेटी लागली. ती पेटीही आमच्याच दुकानातून भाड्याने जाते. मीच घेऊन गेलो. त्यांना आत ठेवल्यावर मुलगी आतल्या खोलीतून तीच शाल घेऊन आली.

"काका, आंत फार गार आहे. ही अंगावर घालूं कां?"

"हातावर ठेव," मी म्हटलं.

"कां?"

तिला काहीच माहीत नव्हतं. सांगायला मी तोंड उघडलंही.

"त्यांना उकडायचं फार," मी म्हटलं.

तिने शाल घडी करून त्यांच्या हातांवर ठेवली. मी झाकण लावलं आणि बटण दाबलं.