काचेपलीकडून ओतलेलं रेझिन

माझी थोरली लेक कृत्रिम पाय बनवते. नेमकं सांगायचं तर पायाची वरची वाटी, जिच्यात माणसाचा उरलेला पाय बसतो. प्लास्टरच्या साच्यावर कापड चढवायचं, त्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत रेझिन ओतून ते कापडात मुरवायचं. टेबलाला चकाकी आणायला, दातातली पोकळी बुजवायलाही लोक रेझिनच वापरतात. थोरली म्हणते, "मधासारखं येतं आणि हाडासारखं राहतं."

हातमोज्यांचा तिला पहिल्यापासून कंटाळा. मी बोलले की उत्तर तयार, "आई, तू बी.ए. झालीस, डॉक्टर नाही!"

मग ती उकाड्यातही लांब बाह्यांचे कपडे घालू लागली, तेव्हा मी एकदा बाही वर सारून पाहिली. बाह्यांखाली पुरळ होतं. एका सकाळी तर डोळेच सुजून मिटले. त्वचेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, शरीराने रेझिनशी वैर धरलंय, ते आता सुटायचं नाही. ओलं रेझिन नको, घासताना उडणारी भुकटीही नको. पुढच्या वेळी श्वासावर बेतेल.

म्हणजे तिच्या छोट्या कारखान्याला कुलूपच. तिथे दुसरं कोणी नाही. पाय करून घ्यायला आलेल्या बसवाल्या काकांच्या साच्यावर कापड चढवून तयार होतं, फक्त ओतायचं राहिलं होतं.

"मी ओतते," मी म्हटलं.

"तू? बाटलीत तेल भरतेस तर अर्धं ओट्यावर असतं!"

काल दुपारी मी मास्क, हातमोजे चढवून आत गेले. ती काचेच्या दाराबाहेर. रेझिन घट्ट करणारा हार्डनर मिसळला की फार वेळ हातात नसतो. मी ओतलं, दोरीने पिशवी आवळत रेझिन खाली ढकलू लागले. अर्ध्यावर ते अडलं. खाली पांढरा पट्टा कोरडाच.

"कोरडं राहिलं तर तिथेच तडकेल! काका रस्त्यात पडतील, आई!"

माझ्या हातातून दोरी निसटली. उरलेल्या रेझिनचा पेला कोमट लागू लागला होता, म्हणजे ते घट्ट व्हायला लागलं होतं. थोरलीने दाराची मूठ धरली.

"आत पाऊल टाकलंस तर पिशवी फाडीन," मी दरडावलं.

"अगं, वाया जाईल सगळं!"

"जाऊ दे."

मूठ अर्धी फिरली होती. मी साचा सोडून तिच्या हाताकडेच बघत राहिले.

"बरं," ती ओरडली. "दोरी राहू दे. अंगठ्यांनी दाब. गोंजारतेस काय, कणीक मळल्यासारखं दाब!"

पांढरा पट्टा हळूहळू बुडाला. थोड्या वेळाने वाटी तळव्यांखाली तापली, मग टणक झाली.

थोरली काचेला नाक लावून बघत होती. "वरच्या कडेला सुरकुती आलीय. घासावी लागेल. तीही तुलाच."

हातमोजे टाकून, हात धुऊन मी बाहेर आले. दाराला कुलूप लावलं आणि सवयीने किल्ली तिच्यापुढे धरली.

तिने हात मागे घेतला. "तुझ्याकडेच ठेव. माझा भरवसा नाही."