उद्धव सरांचा बेलेरोफॉन

उद्धव सर गेलं वर्षभर मला चोर समजत होते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा वैताग कुणाला खोटा वाटणार नाही.

सर नायगावच्या शाळेतून इतिहासाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. मी त्यांचा शेजारी. त्यांना नाद जुन्या नाण्यांचा, तोही शिवराईचा किंवा निजामाच्या रुपयाचा नाही. रोमन साम्राज्यातल्या ग्रीक शहरांनी पाडलेली नाणी! एका बाजूला सम्राटाचं तोंड, दुसऱ्या बाजूला ग्रीक पुराणातली गोष्ट. लग्नाच्या पंगतीतसुद्धा सर खिशातून भिंग काढायचे आणि वरण गार होईपर्यंत ऐकवायचे.

सगळ्यात लाडकं नाणं कॉरिंथ शहराचं. पंखांच्या घोड्यावर बसलेला बेलेरोफॉन नावाचा वीर खालच्या राक्षसाला भाला मारतोय. राक्षस पुढून सिंह, पाठीवर बोकडाचं मुंडकं, शेपटीला साप. हे नाणं गेल्या वर्षी डबीतून नाहीसं झालं. शेवटचं ते माझ्या हातात होतं. सर बोलले काहीच नाहीत, पण त्यानंतर मी गेलो की डबी उचलून आत ठेवायचे.

यंदा लातूरच्या एका कॉलेजाने सरांना नाणी मांडायला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपणहून त्यांचं ऐकणार होतं, आणि नेमकं मुख्य नाणंच नाही. निघायच्या आदल्या दिवशी चंपाषष्ठी होती. सरांच्या आई कस्तुराबाईंनी मला आणि शेजारच्या तिघांना खंडोबाची तळी उचलायला बोलावलं. ताटात बेल, भंडारा, खोबरं आणि मधोमध देवाचा टाक म्हणून ठेवलेलं ते नाणं.

मी सरांना हाताला धरून देवघरापुढे आणून उभं केलं. वर्षभरात एकदा जरी ते तिकडे फिरकले असते, तर माझी अब्रू वाचली असती.

“आई, हा खंडोबा नाही,” सर कपाळाला हात लावून म्हणाले. “हा बेलेरोफॉन आहे.”

“घोड्यावर हाय. खाली राक्षस हाय. मंग दुसरा कोण आसंल?”

“घोड्याला पंख आहेत, आई.”

“कुठं हायत? दाव.”

सरांनी भिंग काढलं. कस्तुराबाईंनी वर्षभर रोज चिंच आणि राखेनं नाणं घासलं होतं. पंख गेले होते. बोकड, साप, मागचा सम्राट, सगळं गुळगुळीत. घोडा, वर बसलेला माणूस आणि टापांखाली एक उंचवटा, एवढंच उरलं होतं.

“मला विचारायचं तरी होतं,” सर म्हणाले.

“इचारलंच की. वाटणीत देव तुज्या भावाकडं, अण्णारावाकडं भोकरला गेले. तवापासून मी म्हणून राहिले, सोनाराकडून एक टाक करून आण. चार वर्सं झाली. तुला सवड न्हाई. मंग घरात होता तो घेतला.”

सरांना ऐकवायला मी वर्षभर बरंच काही जमवून ठेवलं होतं. पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते अजूनही पंख शोधत होते.

“बघ रे, आलोक. पंख दिसतात का?” त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

मी बराच वेळ पाहिलं. मलाही खंडोबाच दिसला, आणि तसं मी सांगितलं.

“टोपी घाल,” कस्तुराबाई लेकाला म्हणाल्या. “मानसं खोळंबल्यात.”

सरांनी टोपी घातली, खाली बसले आणि चिमूटभर भंडारा स्वतःच्या हाताने त्या स्वारावर टाकला.