तिकडचं दार

माझं माहेर मुखेडकडचं. तिकडं रेल्वे न्हाई, जे काय ते एस्टी. त्यामुळं गाडी म्हणजे कंडक्टर, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. कंडक्टर दार आपटतो, घंटी मारतो आणि भांडायचं म्हटलं की समोरच उभा असतो. लग्न होऊन उमरीच्या अलीकडं रुळाकाठच्या गावात आले, नांदेडला एका शाळेत क्लार्कची नोकरी लागली, तेव्हा कळलं की रेल्वेत भांडायचा माणूस सगळ्यात मागं बसतो. गार्ड! आता म्हणे त्यांचं नाव ट्रेन मॅनेजर केलंय. करा बाबा, काय करायचं ते करा. आम्ही बाया गार्डसाहेबच म्हणतो.

आमच्या सकाळच्या पॅसेंजरला बायकांचा डबा गार्डच्या खोलीला चिकटून असतो. मधे नुसती पत्र्याची भिंत. त्यांचं खोकणं, वॉकीटॉकीची खरखर, सगळं इकडं ऐकू येतं. त्यांच्या खोलीला दोन दारं. एक प्लॅटफॉर्मकडचं, एक तिकडचं. बाकीचे गार्ड प्लॅटफॉर्मवर नजर टाकायचे, शिट्टी मारायचे, हिरवी झेंडी दाखवायचे, की चालली गाडी. एक साहेब मात्र न्यारे होते. मिशा पिकलेल्या, रिटायरला आलेले. झेंडी काढायच्या आधी ते आत जायचे, तिकडचं दार उघडायचे, वाकून मागंपुढं बघायचे, दार लावून परत इकडं यायचे. प्रत्येक स्टेशनला ती खाडखाड. आमच्यातली एक मास्तरीण म्हणायची, "तिकडं काय म्हशी मोजायलेत का हे?" आणि सगळ्या हसायच्या.

आमच्या स्टेशनला तिकडं म्हणजे रुळाच्या पलीकडं आमचा आखाडा, शेतातलं घर. मधून फक्त एक हरभऱ्याचा तुकडा. एवढ्या जवळून कोण वळसा घालून प्लॅटफॉर्मवर जाईल? आम्ही सगळे खडीवरूनच, तिकडच्या दारानं चढायचो. हे साहेब आले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी मला अडवलं.

"ताई, फिरून या. तवर झेंडी न्हाई दाखवत मी."

मी तरी ऐकणारी थोडीच! म्हटलं, "तुमच्या बापाची गाडी हाय का?"

"बापाची असती तर जाऊ दिलं असतं," ते म्हणाले. "सरकारची हाय, म्हणून थांबलो."

गेले बाबा फिरून. सगळा डबा माझ्याकडं बघून हसत होता. त्या दिवसापासून मी मुकाट्यानं वळसा घालायला लागले.

आमच्या मामी मात्र कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा घरात सगळ्यांनी तोंडं वाकडी केली होती, लहान लेकरू कोण सांभाळणार म्हणून. मामी चुलीपुढून उठल्यासुद्धा न्हाईत. "मी हाय न्हवं? जाऊ द्या तिला," एवढंच म्हणाल्या आणि विषय संपला. माझी नोकरी त्यांच्या जिवावर चालली, हे मी कुणालाही सांगते. मामींना काही झालं असतं तर माझं सगळंच बसलं असतं.

त्यांचा एक हट्ट होता. सुनेनं शिळं खायचं न्हाई. मी लेकराचं आवरून पुढं निघायचे, आणि मागून मामी तव्यावरची भाकर पिशवीत घालून, हरभऱ्यातून वाट काढत थेट गाडीपाशी यायच्या, तिकडच्या अंगानं. मी दारात वाकून पिशवी घ्यायचे. साहेबांनी त्यांनाही एकदा टोकलं. मामी म्हणाल्या, "मी कुठं बसायले गाडीत? मी तर निस्ती भाकर द्यायले." साहेबांनी कपाळाला हात लावला. पण आमच्या स्टेशनला ते दार जरा जास्त वेळ उघडं राहायला लागलं.

मग तो लग्नसराईतला दिवस. आमच्या डब्यात आख्खं वऱ्हाड घुसलेलं. पेट्या, रुखवत, रडणारी लेकरं. मी प्लॅटफॉर्मकडच्या खिडकीपाशी अशी चेपले की हात वर करायची सोय न्हाई. मामी तिकडं आल्या असतील हे कळत होतं, पण दारापर्यंत जाणार कशी? म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देतील.

इंजिनानं भोंगा दिला. भिंतीपलीकडं साहेबांची पावलं वाजली. तिकडचं दार उघडल्याचा आवाज आला. आणि लागल्याचा आलाच न्हाई.

"साहेब, चला की वो! मुहूर्त टळायलाय!" वऱ्हाडातल्या बाया ओरडायला लागल्या. पुन्हा भोंगा. आणि मग साहेबांचा आवाज, कधी ऐकला न्हाई असा चढलेला, "गाडी हलवू नका! खाली माणूस हाय, माणूस!"

कुणाच्या साडीवर पाय दिला, कुणाचं रुखवत सांडलं, कुणी काय शिव्या दिल्या, काही भान न्हाई. दारात पोचले तर खाली खडीवर मामी मान वाकडी करून उभ्या. मी दिसले न्हाई, म्हणून त्यांनी पिशवी दाराच्या दांडीला बांधली होती. पडू नये म्हणून चांगल्या दोन गाठी मारल्या होत्या. एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यात घाई, पदराचं टोकही त्याच गाठीत आवळलेलं. त्या दांडीला बांधल्या गेल्या होत्या, माझी माय! आणि शेजारी साहेब खाली उतरून गाठ सोडवत होते.

"ओरडायचं न्हाई का वो मामी?" मी रडत रडतच ओरडले.

"एवढ्या पाव्हण्यारावळ्यात काय ओरडू?" म्हणाल्या. "म्हटलं, गाठ निघल आता."

साहेब म्हणाले, "मावशी, पदर कापतो जरा."

"आगं बाई, कापू नका! लेकीनं दिवाळीला घेतलेली साडी हाय."

"बरं, न्हाई कापत," साहेब म्हणाले. आणि आख्खी गाडी उभी असताना त्यांनी नखांनी ती गाठ सोडवली. मग मामींच्या हाताला धरून त्यांना शेताच्या बांधापर्यंत नेलं, तिथं बसवलं, पाण्याची बाटली दिली. पिशवी माझ्या हातात देऊन आपल्या खोलीत चढले. झेंडी दाखवायला इकडं आले तेव्हा मी खिडकीतून म्हटलं, "साहेब, लई उपकार झाले."

"कसले उपकार ताई? निस्तं दार उघडलं," ते म्हणाले. म्हशी मोजायलेत म्हणणारी मास्तरीण पदरानं डोळे पुसत होती.

त्या दिवसापासून मामी वळसा घालून, पाय दुखत असले तरी, प्लॅटफॉर्मवर यायला लागल्या. साहेबांची ड्यूटी असली की फडक्यात त्यांचीही भाकर असायची. ते भाकर आणि मिरची घ्यायचे, पिठलं नको म्हणायचे. हात माखतो, झेंडीला लागतं म्हणून.

साहेब रिटायर झाले तेव्हा शेवटच्या फेरीला मामी टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन आल्या. गाडी उभी असताना त्यांना कुंकू लावलं. साहेबांनी टोपी घातली, वाकून पाया पडले. मामींनी विचारलं, "आता तिकडचं दार कोण उघडल वो?"

साहेब आत गेले, तिकडचं दार उघडून बघून आले. झेंडी दाखवताना त्यांच्या डोक्यावर ती पांढरी टोपी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी नवे गार्ड. मी भिंतीला कान लावून बसले. मामी प्लॅटफॉर्मवर माझ्या डोळ्यांसमोर उभ्या होत्या, पिशवी माझ्या मांडीवर होती, तरी जीव थाऱ्यावर न्हाई. तिकडं दुसऱ्या कुणाची तरी मामी असेलच की. पावलं वाजली. आणि खाड! मला रडूच आलं. मग भिंतीवर टकटक झाली.

"ताई, आजी कोणत्या अंगाला हायत?"

"इकडंच हायत, इकडंच!"

"बरं. साहेब बजावून गेलेत, आजी दिसल्याबिगर झेंडी काढायची न्हाई."

मी खिडकीतून मामींना सांगितलं. त्यांनी काखेतून आणखी एक फडकं काढलं. नव्या साहेबाची भाकर. आधीच करून आणलेली!

"आन् त्यानं दार उघडलंच नसतं तर?" मी विचारलं.

"तर भाकर देऊन सांगितलं असतं," मामी म्हणाल्या, आणि गार्डच्या खोलीकडं चालायला लागल्या.