तिसरं आमेन

"म्या गोट्याले हात तरी लावला काय? तूच सांग. माह्या आज्याच्या टायमाले होता तिथंच हाये तो गोटा, आजही."

"गोट्याचं कोन म्हनून राह्यलं?" तानाबाईनं बायबलात खुणेची दोरी घातली, पण पुस्तक मिटलं नाही. "मी तं फक्त वाचलं. आमेन तुमी म्हनलं."

"रोजच म्हन्तो."

"आज जरा जोरात म्हनलं."

आचल चहाच्या कपात तोंड घालून हसली. पोरगी सावंगीला नर्सिंग शिकते, दोन दिवसांच्या सुटीवर आलेली. श्रावणनं तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं, तशी ती कप घेऊन आत पळाली.

श्रावण शिलास खंडारे हा कारंजा घाडग्याहून आठ-दहा किलोमीटर आत असलेल्या गावातला माणूस. तीन एकर रान, चाळीस संत्र्याची झाडं, एक विहीर, एक म्हैस. गावात ख्रिस्ती घरं दोन, त्यातलं एक याचं. सकाळी म्हशीचं दूध निघालं की सपरीत, घरापुढच्या पडवीत, सतरंजी पडते. बायको तानाबाई वाचते, कारण ती सातवी शिकलेली. श्रावण चौथीतला, आणि त्याचा चष्मा घरातल्या घरात रोज हरवतो. रोज एक अध्याय. पुस्तक सुरुवातीपासून शेवटापर्यंत ओळीनं न्यायचं, मधलं काही गाळायचं नाही. शेवट आला की पुन्हा पहिल्या पानावर.

हे झालं सकाळचं. संध्याकाळी जेवणाआधी श्रावण मास्तरासारखी मांडी ठोकून बसायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, "आजच्या अध्यायाचं काय केलं?" हा कायदा त्यानंच काढलेला. वाचलं आणि पाण्यात गेलं, असं त्याला चालत नव्हतं. याद्यांचे अध्याय आले, नुसती बापलेकांची नावंच नावं, तेव्हा तानाबाई वैतागली होती, "आता याचं काय करू, गावातले मानसं मोजू काय?" तो म्हणाला, "मोज." ती खरंच घरोघर फिरून आली आणि पांदणीकडची एक म्हातारी तीन दिवसांची तापानं पडलीय हे तिला तेव्हा कळलं. चामडीवरच्या चट्ट्यांचा अध्याय आला, तेव्हा श्रावणनं म्हैस उन्हात उभी करून शेपटीपासून कानापर्यंत तपासली. महारोग नाही निघाला. गोचिडं निघाली ओंजळभर. संध्याकाळी त्यानं तेच उत्तर दिलं आणि वर म्हणाला, "पाह्य, वाया नाई जात."

तर असा हा माणूस. दुसऱ्याला विचारायची त्याला भारी गोडी. आज त्याच्यावरच पाळी आली होती.

अनुवाद नावाच्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय. त्यात लोक दोन डोंगरांवर उभे राहतात आणि एकेक शाप मोठ्यानं सांगितला जातो. प्रत्येक शापावर सगळ्यांनी आमेन म्हणायचं. तानाबाईला ही रीत आवडली. ती म्हणाली, मी वाचते, तुमी म्हना. पहिला शाप चोरून मूर्ती करणाऱ्याला होता. श्रावण म्हणाला, आमेन. दुसरा आईबापाचा मान न राखणाऱ्याला. आचलकडं पाहून त्यानं आणखी दणकून आमेन म्हटलं. तिसरा शाप शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणाऱ्याला. तोवर जीभ सुटली होती, वेगात होती. आमेन! म्हशीनंसुद्धा मान वर केली.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, आपण कशाला आमेन म्हणालो ते. पुढची नऊ आमेनं त्यानं कशीबशी, मिशीतल्या मिशीत म्हटली.

त्याच्या आणि शेजारच्या डोमाजीच्या शेतात एक धुरा आहे. दोन रानांमधला मातीचा बांध, कधीकाळी चांगला ऐसपैस, वर गवत आणि दोन-चार बोरी. दोन्ही टोकांना हद्दीचे गोटे, एक रस्त्याकडं, एक नाल्याकडं. दरसाल उन्हाळवाहीत नांगर शेवटच्या फेऱ्याला यायचा, तेव्हा श्रावण ट्रॅक्टरवाल्याला एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, जास्तीचं मारायला लावायचा. एकच तास. धुऱ्याची कड ढासळायची, रान तेवढं वाढायचं. अकरा-बारा सालांत नाल्याकडचा धुरा कोरून कोरून तीन हात डोमाजीकडं सरकला. गोटे होते तिथंच राहिले, पण मधला धुरा बैलाच्या शिंगासारखा वाकला.

एवढ्यावरही श्रावणनं कदाचित निभावून नेलं असतं. पण त्या कोरलेल्या पट्टीत, नाल्याकडच्या गोट्यापासून वीस पावलांवर, त्याचं निंबूचं झाड होतं. आचल पाचवीत गेली त्या साली लावलेलं. चाळीस संत्र्यांवर त्याचा जीव नव्हता एवढा त्या एका झाडावर. भर चैत्रात, सगळीकडं निंबू आटलेले असताना, ते लदलेलं असायचं. हायवेवरचा ढाबेवाला गाडी वळवून निंबं न्यायला यायचा. धुरा सरळ झाला तर झाड कुठं पडेल, हे श्रावणला न मोजताही माहीत होतं.

"गोटा नाई सरकवला," तानाबाई सावकाश म्हणाली, "धुराच सरकवला." मग पुस्तक मिटून उठता उठता म्हणाली, "मी काई म्हनत नाई बावा. संध्याकायी तुमीच सांगजा, काय केलं ते."

श्रावण कुदळ, फावडं आणि विहिरीवरचा लांब दोर घेऊन शेतात गेला, तेव्हा आठ वाजले होते. डोमाजी पल्याड तुरीची धसकटं वेचत होता. साठीचा, वाळका, डोक्याला पांढरं दुपट्टं.

"डोमाजी भाऊ, इकडं या जरासक."

"काऊन? म्हैस सुटली का?"

"नाई. धुरा सरळ कराचा हाये."

डोमाजी हातातलं धसकट घेऊनच आला. आधी त्यानं कुदळ पाहिली, मग दोर, मग श्रावणचं तोंड. "मोजनी आनली का माह्यावर?"

"नाई ना."

"मंग? तब्येत बरी हाये ना? पोरगी डाक्टरीनबाईच्या हाताखाली शिकून राह्यली, तिले दाखवलं का?"

श्रावणनं घसा साफ केला. असल्या गोष्टी सांगायला तोंड कसं उघडायचं, हे कोणत्याही अध्यायात लिहिलेलं नव्हतं. त्यानं सरळच सांगून टाकलं. "म्या तुमचा धुरा कोरला. तीन हात. हद्द सरकवनाऱ्याले शाप हाये, आज सकायी वाचनात आलं ते. आता वापस कराचा हाये."

डोमाजी धुऱ्यावर बुड टेकून बसला. चुना-तंबाखू काढून मळायला लागला. 

"मले दिसत नव्हतं काय?" तो म्हणाला. "दरसाल पाह्यतो. मनात म्हनो, पाहू हा कुठं थांबते. माह्या इहिरीपर्यंत येतो का काय."

"मंग बोल्ले काऊन नाई?"

"बोल्लो असतो तं भांडन झालं असतं. भांडन झालं असतं तं तुह्या घरचं दूध बंद झालं असतं. मले चहा कोरा जमत नाई." त्यानं तंबाखू तोंडात टाकली. "पन येक सांग. येका अध्यायात तीन हात सुटते, तं पुढच्या अध्यायात काय हाये? तुही इहीर तं नाई ना?"

"मोठा हाये उद्याचा. पयले आशीर्वाद हाये."

"अन् मंग?"

"मंग बाकीचं," श्रावण म्हणाला. दोघंही हसले, पण श्रावणचं हसू निंबूच्या झाडापर्यंत जाऊन परत आलं.

दोराचं एक टोक डोमाजीनं घेतलं आणि रस्त्याकडच्या गोट्याकडं चालायला लागला. "तिकडचं तू बांध," तो पाठमोराच ओरडला. "तुह्यावर भरोसा हाये आता."

हे त्यानं म्हणायला नको होतं.

नाल्याकडचा गोटा चांगला दीड हात रुंद. श्रावण त्याच्यापाशी बसला. समोर वीस पावलांवर झाड, पानांत पिवळे होत आलेले निंबू. दोर गोट्याच्या मधोमध बांधायचा, ही रीत. पण डोमाजीकडच्या कडेनं बांधला तर? पाऊण हाताचा फरक. डोमाजी लांब होता, त्याच्या डोळ्यांत पडलेला मोतिबिंदूही श्रावणला माहीत होता. त्यानं कडेनं बांधला. दोर ताणला गेला, थरथरला आणि स्थिर झाला. झाड श्रावणच्या बाजूला राहिलं, खोड दोराला जेमतेम न शिवता.

सुटलं, असं वाटून तो उठला. फावडं उचललं. दोन पावलं गेला. तीन हातांतले सव्वादोन तर वापस झालेच ना? तेवढं काय कमी झालं? हेच संध्याकाळी सांगायचं. तानाबाई विचारणार नाही, आचल तर नाहीच. विचारायचं काम त्याचंच होतं. म्हणजे मांडी ठोकून बसायचं आणि स्वतःलाच विचारायचं, काय केलं? आणि मग त्या दोघींच्या देखत उत्तर द्यायचं, पाऊण हात गाळून. पुस्तकातलं एक पान गाळू न देणारा माणूस.

"तुही माय..." तो कुणाला म्हणाला ते त्यालाही कळलं नाही. बहुतेक दोराला. परत येऊन बसला, गाठ सोडली. ती ओढून पक्की झाली होती, दातानं सोडावी लागली. मग गोट्याच्या बरोबर मधात, बोटानं मापून, बांधली.

डोमाजी दोराच्या कडेकडेनं चालत आला आणि झाडापाशी थांबला. खोड त्याच्या बाजूला होतं. वीतभर आत.

"झाड तं माह्याकडं आलं रे."

"आलं."

"तुहा जीव होता याच्यावर."

"होता नाई, हाये."

श्रावणला क्षणभर वाटलं, म्हातारा आता म्हणेल, राहू दे रे, झाड तुझंच. डोमाजीनं तसं काही म्हटलं नाही. त्यानं हात वर करून दोन निंबं तोडली, एक नाकाला लावलं आणि दोन्ही बंडीच्या खिशात टाकली. "अनुसयाले लोनच्यासाठी पायजेच होते," तो बायकोचं नाव घेऊन म्हणाला. मग वरखाली झाड पाहत कपाळाला आठ्या घातल्या. "पन याले पानी? माही इहीर तं रस्त्याकडं. इथपर्यंत पाइप नाई पुरत."

श्रावणनं फावडं मातीत रोवलं.

"पानी तूच देजो."

"वा रे वा! पानी माहं, निंबू तुमचे?"

"शाप तुले लागून राह्यला होता का मले?" डोमाजी म्हणाला. "लोनच्याची बरनी अनुसया पाठवन घरी. पाहुन्यासारखी नाई, हिश्श्यासारखी."

श्रावण फावड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला आणि हसायला लागला. पोट धरून नव्हे, पण मघापेक्षा बरं. मग दोघांनी मिळून माती ओढली. श्रावणनं कुदळीनं उकरायचं, डोमाजीनं फावड्यानं लावायचं आणि प्रत्येक दहा फावड्यांना थांबून दम घ्यायचा. अकरा-बारा सालं एकेक तास करून गेलेला धुरा उन्हं डोक्यावर यायच्या आत परत आला. वाकडेपणा गेला. नवी माती तेवढी काळी दिसत होती, पावसाळ्यात गवत धरेपर्यंत दिसणार होती.

"आता पुढच्या साली ट्रॅक्टरवाल्याले सांगजो," डोमाजी दुपट्ट्यानं मान पुसत म्हणाला, "का शेवटचा फेरा सांभाळून मार म्हना. तो बायबल वाचत नाई."

तेवढ्यात विहिरीवरच्या खांबावरचा बल्ब लागला. लाइन आली होती. दुपारी दोनपर्यंत राहणार, मग गुल, आणि चाळीस झाडं तहानलेली. श्रावण लगालगा विहिरीकडं गेला, मोटर चालू केली. पाइपात आधी हवा फुसफुसली, मग पाणी खळखळलं. त्यानं पाइप खांद्यावर घेतला आणि संत्र्यांच्या पहिल्या ओळीकडं न जाता नव्या धुऱ्यावरून पल्याड टाकला, निंबूच्या आळ्यात. आळं भरेपर्यंत उभा राहिला. मग पाइप ओढून घेतला, ओल्या मातीचे हात लुंगीला पुसले आणि संत्र्यांना पाणी द्यायला लागला.