सूत्र नवं की जुनं

कुरखेड्याहून आरमोरीला जाताना एसटीत शेजारचे गृहस्थ बोटाने मांडीवर काहीतरी लिहीत होते. राहवेना, म्हणून विचारलं. ते गणिताचे प्राध्यापक होते. ढोलाचं कातडं कसं थरथरतं, हे मांडायला लागणारी ‘विशेष फलने’ हा त्यांचा विषय. चार वर्षं खपून त्यांनी एक सूत्र काढलं होतं. ते नवं आहे का, हे मित्राला विचारलं होतं. पण जंगलात रेंज नव्हती.

"म्हणजे निकालाची वाट पाहताय," मी म्हणालो.

"पेपर बी मीच काढला, भाऊ, अन् मीच सोडवून राह्यलो," ते हसले.

आरमोरीजवळ त्यांचा मोबाईल वाजला. मित्राचा निरोप होता. हे सूत्र शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी सिद्ध केलं होतं. मला वाईट वाटलं. त्यांनी निरोप दोनदा वाचला आणि माझा हात धरला.

"त्याले मी ठाऊक नाई, मले तो ठाऊक नाई. अन् उत्तर एकच!"